दुसरा स्टार

आमच्या अण्णांचा जन्म एक जूनचा. म्हणजे दाखल्यावर. आजी सांगायची, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळायची खांदेमळणी चालली होती आणि तिला कळा सुरू झाल्या. पण पहिलीत नाव घालताना मास्तरांनी एक जून टाकली, कारण वर्गातल्या निम्म्या लेकरांची तीच टाकली होती. मराठवाड्यातल्या कुठल्याही ऑफिसात ३१ मेच्या संध्याकाळी निरोपाच्या हारांची रांग लागते, ती या मास्तरांची कृपा. अण्णाही २०२५ च्या ३१ मेला सुटले. ‘सुटले’ हा शब्द त्यांचाच. आणि सुटायच्या अडीच महिने आधी ते फौजदार झाले.

फौजदार मी म्हणते. ते स्वतः ‘ग्रेड झालो’ म्हणायचे. एमपीएससी देऊन, नाशिकच्या अकादमीत ट्रेनिंग करून पंचविशीत दोन स्टार लावून येतो तो सरळ पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. आणि शिपाई म्हणून भरती होऊन तीस वर्षं नोकरी आणि त्यात एएसआय, म्हणजे सहायक फौजदार, म्हणून तीन वर्षं काढली की शेवटी शेवटी मिळतो तो ग्रेड पीएसआय. खांद्यावर दोघांचं सारखंच दिसतं. ठाण्यात मात्र सगळ्यांना ठाऊक असतं कोण कुठल्या दारानं आलंय. पगार तर आधीच त्या श्रेणीला जाऊन टेकलेला, त्यामुळं बढतीची यादी व्हॉट्सॲपवर आली तेव्हा आईनं विचारलं, “वाढलं का काही?” अण्णा म्हणाले, “एक स्टार.”

अण्णा १९९० साली भरती झाले. जालन्याला ट्रेनिंग, मग शिपाई, मग नाईक, हवालदार, एएसआय. यातल्या नाईक पदावर ते फार वर्षं बसून होते. २०२२ मध्ये शासनानं ते पदच काढून टाकलं, शिपायाला निवृत्तीआधी फौजदारकीपर्यंत पोचता यावं म्हणून. निर्णय चांगलाच. अण्णा एवढंच म्हणाले, “मी चढून गेलो आन मागून पायरी काढली.” म्हणाले ते हसतच.

मी पोलीस लाईनीत वाढले. लाईनीतल्या लेकरांना एक सवय असते, आयुष्यभर जात नाही. समोरून खाकी आली की चेहऱ्याच्या आधी खांदा बघायचा. बाहीवर फिती असल्या तर ‘काका’. खांद्यावर स्टार आणि खाली लाल-निळी फीत असेल तर खेळ थांबवून बाजूला व्हायचं. तीन स्टार दिसले तर गोंधळ, कारण एपीआयलाही तीन आणि पीआयलाही तीन, भेद नुसता फितीत. आणि तीन स्टार आहेत पण फीतच नाही, असं दिसलं की घरात पळायचं, कारण ते डीवायएसपी. फीत नसणारा मोठा, हे मला फार उशिरापर्यंत विचित्र वाटायचं. बाकी सगळीकडं काहीतरी लागलं की माणूस मोठा होतो. अशोकस्तंभ तर आम्ही फक्त पंधरा ऑगस्टला लांबून बघायचो.

आमच्या घरी गुरुवारची रात्र पट्ट्याची असे. शुक्रवारी परेड. आई चिंचेचा कोळ आणि चिमूटभर राख घेऊन बकलाचं पितळ घासायची. ब्रासोची डबी होती, पण ती सणासुदीला. घासून झालं की बक्कल दिव्यासमोर धरून बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, “दिसतंय का मुस्काट?” दिसलं पाहिजे असा नियम होता.

तर यादी आली तेव्हा अण्णा माझ्याकडं संभाजीनगरला यायचेच होते, मोतीबिंदू दाखवायला. बीडहून एसटीनं गेवराई, शहागडचा पूल, पाचोड, आडूळ असा नेहमीचा रस्ता. दुपारी डोळ्यात थेंब टाकून डॉक्टरांनी सोडलं. सगळं धूसर दिसायलंय म्हणाले, आणि त्याच दमात म्हणाले, “चल, स्टार घेऊन येऊत.”

“अण्णा, दिसत न्हाई म्हणताय आन स्टार काय बघणार?”

“मला कशाला दिसाया पायजेत? ते दुसऱ्यानं बघायचे असत्यात.”

सिटी चौकाच्या एका बोळात दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, मागं छतापर्यंत लाकडी कप्पे, आणि सत्तरीचे एक चाचा. पाटी रंग उडालेली, तीही बोळात बऱ्यापैकी आत. पण पोलीस, होमगार्ड, एनसीसी, शाळेच्या बँडची पोरं, सगळ्यांना पत्ता पाठ. अण्णा पहिल्यांदा इथं आले ते हवालदारकीच्या तीन फिती घ्यायला. चाचांनी त्यांना ओळखलं का नाही कोण जाणे, पण खांद्याकडं एकदा बघून मात्र घेतलं. म्हणजे ते आमच्याच लाईनीतले.

“एक का दो हुआ?”

“हौ,” अण्णा म्हणाले. एकदम दखनी. शहरात आले की त्यांची जीभ तिकडं वळते.

चाचांनी एकेक कप्पा ओढून काउंटरवर ठेवला. मला कितीतरी वेळ बघतच राहावंसं वाटलं. अख्खं खातं त्या खोक्यांत पसरलेलं. एका कप्प्यात ‘मपो’, म्हणजे महाराष्ट्र पोलीस, अशी पितळी अक्षरं, शेंगदाण्यासारखी ढीग करून. एकात कापडी फिती. एकात स्टार, पुडीत दोन दोन. एकात अशोकस्तंभ, तिन्ही सिंह माझ्याकडं बघणारे. आणि सगळ्यात वर, बोटभर धूळ असलेल्या खोक्यात, तलवार आणि दंडुका एकमेकांवर आडवे घातलेलं चिन्ह, आयजी साहेबांचं. मी विचारलं, हे कधी विकलं जातं? चाचा म्हणाले, “बेटी, उनो दुकान पे नै आते. दुकान उनके पास जाती.”

टोपीवर लावायचं चिन्हही होतं तिथं, तारा आणि मधे उघडा तळहात, खाली ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. मी लहानपणी तो हात ‘थांबा’ म्हणतोय असं समजायचे, ट्रॅफिकवाल्यासारखा.

आता मुद्दा असा की यात निवडायचं काय असतं? कुणाच्या खांद्यावर किती आणि काय, हे नियमात ठरलेलं. हौसेनं एखादा जास्तीचा लावता येत नाही. साडीच्या दुकानासारखं ‘अजून दाखवा’ म्हणता येत नाही, असा माझा समज होता. तो चाचांनी मोडला.

“पिन वाला के पेच वाला?” पिनवाला स्वस्त, पण घामानं पिन गंजते आणि कापडावर तांबडा डाग पडतो. पेचवाल्याला मागून चकती असते, ती घट्ट बसते. पण इस्त्रीला काढायला वेळ लागतो. “पोला के भरीव?” पत्रा दाबून केलेला पोकळ स्टार हलका. वर मुलामा चढवलेला, सहा महिन्यांत कडा काळ्या पडतात. भरीव स्टार जड, तळहातावर ठेवला की गार लागतो. “चमक वाला के मंद?” चमकणारे नवीन पोरांना आवडतात, फोटोत चांगले येतात. मंद पॉलिशचे जुन्या लोकांना.

अण्णांनी भरीव स्टार उचलून तोलला. डोळ्यात थेंब, दिसत नव्हतंच, बोटानं पाचही टोकं चाचपून बघितली.

“किती दिवस वापरायचाय साब?” चाचांनी आता मराठीत विचारलं.

“अडीच महिने.”

चाचांनी काही न बोलता पोकळ पत्र्याची पुडी पुढं सरकवली. धंद्यातला माणूस, पण खोटं बोलणारा नव्हे. मला राग आला. म्हटलं, भरीवच द्या. अण्णा म्हणाले, “आगं, अडीच महिन्याला काय सोन्याचं करायचंय का?” आणि मग खरा प्रश्न निघाला, जो माझ्या डोक्यातच आला नव्हता. अण्णांना एकच जोडी हवी होती. एएसआयचा एक एक स्टार दोन्ही खांद्यांवर होताच. त्याच्या शेजारी एक एक वाढवला की झाले दोन दोन. हिशोब बरोबर होता. चाचा मात्र मान हलवायला लागले.

“नक्को साब. पुराना और नया बाजू बाजू में… दिखता.”

त्यांनी अण्णांच्या शर्टाचा जुना स्टार काढून नव्याशेजारी काउंटरवर ठेवला. खरंच दिसत होतं. जुन्याची टोकं झिजून गोल झालेली, मधली रेष पुसट. तीन वर्षांचं ऊन, बंदोबस्त, परळीची महाशिवरात्र, कपिलधारची यात्रा, आणि आईची चिंच. चिंचेनं पितळ उजळतं, मुलामा नाही. आईला कोण सांगणार.

“असू दे की,” अण्णा म्हणाले. “एक जुना, एक नवा. खरंच तसं हाय ना?”

यावर मी काय बोलणार? चाचांनी उत्तर दिलं नाही. खालच्या कप्प्यात हात घालून ते काहीतरी शोधत राहिले. शोधता शोधता बोलतही होते. त्यांचे वडील निजामाच्या काळात हेच काम करायचे. तेव्हा फौजदाराला ‘अमीन’ म्हणत. वडील शेवटपर्यंत ‘अमीन साब’च म्हणत राहिले, समोर कुणीही आलं तरी. मग १९४८ चा सप्टेंबर आला, निजामाचं राज्य गेलं आणि सगळी चिन्हं एका रात्रीत बदलली. आमची आजी वयाचा हिशोब ‘पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी एवढी होते’ असाच सांगायची. आत आली होती फौज, नाव पडलं पोलिसांचं. चाचा म्हणाले, “वालिद के पास पुराने बिल्ले पोता भर पडे थे. कोई लेने वाला नै. आखिर तोल पे दिये.” मोडीत. तोलावर.

खाकी हा शब्दसुद्धा इकडचाच, ‘खाक’वरून, म्हणजे धूळ. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “नेकनूरला मी मोटारसायकलीवर समन्स वाटायचो तवा कळलंय ते.”

चाचा एक चामड्याचा आडवा पट्टाही दाखवत होते, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा. सॅम ब्राऊन म्हणतात त्याला. सॅम ब्राऊन हा इंग्रज अधिकारी, १८५८ मध्ये लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हातानं म्यान धरून तलवार उपसता येईना, म्हणून त्यानं हा खांद्याचा पट्टा जोडला. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. अण्णा म्हणाले, “एका हाताच्या माणसाची अडचण, आन दोन हाताचे सगळे घालून फिरायलेत!” पट्टा घेतला नाही. शेवटी कुणाचा तरी उसना आणला.

मग नावाची पट्टी. काळ्यावर पांढरी अक्षरं. चाचांनी वही उघडली, पेन घेतला. “नाम?”

“बावन्न,” अण्णा म्हणाले.

आणि थांबले. चाचा हसले, मीही हसले, पण अण्णा नाही हसले. बावन्न हा त्यांच्या बक्कल नंबरचा, म्हणजे शिपायाच्या ओळखीच्या नंबरचा, शेवट. अख्खा नंबर चार आकडी, पण ठाण्यात, गार्डवर, हजेरीला, वायरलेसवर ते पस्तीस वर्षं बावन्न होते. ‘बावन्नला पाठवा.’ ‘बावन्न जेवला का?’ आईसुद्धा कधी रागावली की, “तुमच्या बावन्नला सांगा, किराणा संपलाय.” अधिकाऱ्याला बक्कल नंबर नसतो. फौजदार झालं की नंबर गेला, नाव उरतं. जुन्या पट्टीवर नावाखाली नंबर होता, नव्या पट्टीवर खाली काही नाही.

“तो नंबर आता?” मी विचारलं.

“दिला आसंल कुण्या तरी नव्या पोराला. न्हाई तर देत्याल.”

आणि नावाचीही गंमतच. पट्टीवर नाव घालायचं तेही अर्धंच. २०२४ च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात काय वातावरण होतं हे इथं लिहायला नको, तुम्ही टीव्हीवर पाहिलंय. कुठला पोलीस कुठल्या जातीचा, यावरून लोक तपास मोजायला लागले. तेव्हा जिल्हा पोलीस अधीक्षकांनी आधी एकमेकांना आडनावानं हाक मारू नका असं सांगितलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये छातीवरच्या पट्टीवरून आडनावंच निघाली. नुसतं पहिलं नाव. बीडमध्ये माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘गाव कोणतं’ आणि दुसरा ‘आडनाव काय’. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की तिसरा विचारायची गरज पडत नाही. मी हे लिहिताना आमचं आडनाव घातलेलं नाही ते त्याच कारणानं. आता तुम्ही ‘खांदेमळणी’ आणि ‘परळी’वरून अंदाज बांधत असाल तर बांधा.

चाचांनी वहीत तीन अक्षरं लिहिली. “बस? इतना छोटा? पट्टी खाली दिखेगी साब.”

“दिसू द्या,” अण्णा म्हणाले.

मला विचाराल तर आडनाव काढल्यानं जात जात नाही. गणवेशाच्या आतला माणूस ज्या गल्लीत राहतो ती गल्ली सगळ्यांना माहीत असते. तरीही त्या छोट्या पट्टीकडं बघून मला बरं वाटलं होतं, हेही खरं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी अण्णांना आडनावानंच ओळखायच्या, नुसत्या नावानं त्यांना हाक मारणारं आमच्या आजीशिवाय कुणी नव्हतंच.

चाचांना शेवटी सापडलं. कागदाच्या जुन्या पुडीत एक जोडी, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे बरीच वर्षं पडून असलेली. नवीनच, पण पडून पडून मंद झालेली. अण्णांच्या जुन्या स्टारशेजारी ठेवली. टोकं तीक्ष्ण होती, रंग मात्र जवळ जवळ जुळत होता. अण्णांनी बोट फिरवलं, मग बोट फिरवून सांगितलं, “हे नवं.” बोटाला कळत होतं. डोळ्याला नाही कळणार, असं चाचांचं म्हणणं. एकशे वीस रुपये. लाल-निळी फीतही नवी घेतली, वीतभर. चाचांनी फितीचे पैसे घेतले नाहीत.

बीडला परतल्यावर अण्णांनी शर्ट लाईनीतल्या टेलरकडं टाकला. दुसऱ्या दिवशी अधीक्षक कार्यालयात स्टार लावायचा कार्यक्रम होता, एक खांदा साहेब लावणार आणि एक आई. म्हणून नवा स्टार काढून ठेवायचा आणि फीत मात्र आधी शिवलेली पाहिजे. मी आदल्या रात्री पोचले होते. आई इस्त्री तापवत होती, अण्णा खुर्चीत शर्ट घालून बसले होते आणि आई त्यांचे खांदे दाबून कापड ताणून बघत होती. अण्णा म्हणाले, “खांदेमळणी चाललीया माझी. उद्या मिरवणूक.”

धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. तो चाकणला कंपनीत आहे. त्याआधी पाच वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत, अभ्यासिकेत. पीएसआयच. एकदा मुख्य परीक्षा निघाली, ग्राउंडला गेला आणि धावताना पाय मुरगळला. पुढच्या वेळी मुख्यच निघाली नाही, मग वय संपलं. त्या पाच वर्षांत त्याच्या मोबाईलच्या पडद्यावर काय चित्र होतं हे सांगायला नको. यादी आली त्या दिवशी त्यानं ग्रुपवर सगळ्यांच्या नंतर, रात्री साडेअकराला, एक अंगठा टाकला होता.

आईनं फोन अण्णांच्या खांद्यासमोर धरला. “बघ बरं, कसं दिसतंय?”

तो काही बोलेना. मला वाटलं रेंज गेली. आई म्हणाली, “आरे, ऐकू येतंय का?”

“आई, जरा उजवा खांदा दाखव.”

दाखवला.

“आता डावा.”

तोही दाखवला.

“फीत उलटी शिवलीय एका बाजूची. उजवीकडं लाल बाहेर हाय, डावीकडं लाल आत. दोन्ही खांद्याला सारखं पायजे.”

आम्ही तिघांनी बघितलं. खरंच होतं. टेलरच्या, आईच्या, माझ्या, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांना तर अजून नीट दिसतच नव्हतं. पोलीस लाईनीत वाढलेली मी, खांदा आधी बघणारी.

“उद्या साहेबांच्या ध्यानात आलं असतं का रे?” अण्णांनी विचारलं.

“आलं असतं,” तो म्हणाला. “पहिलं तेच दिसतं.”

रात्रीचे दहा वाजून गेले होते, टेलर बंद. आईनं अण्णांच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड घेतलं, सुई-दोरा काढला आणि खाकी दोरा सापडेना म्हणून जुन्या पँटच्या दुमडीतून एक ओढून काढला. शर्ट मांडीवर घेऊन ती डाव्या खांद्याची फीत उसवायला बसली. फोन तिनं पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. पलीकडून तो सांगत होता, “एवढी न्हाई, थोडी खाली. आजून थोडी. हां, तिथं.”